कीर्तनाच्या मंडपातला फीडबॅक आणि क्रॉसओव्हर : एक प्रकरण अभ्यास

अखंड हरिनाम सप्ताहातले रात्रीचे कीर्तन हा ध्वनियंत्रणेच्या दृष्टीने अवघड कार्यक्रम आहे. कीर्तनकार महाराज माइकला ओठ लावून बोलत नाहीत. ते अभंगाच्या चालीवर मागेपुढे होतात, टाळकऱ्यांकडे वळतात, आणि निरूपण रंगले की माइकपासून हात-दीड हात दूर जातात. त्यांच्या पाठीशी टाळकऱ्यांची अर्धवर्तुळाकार रांग असते, एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम आणि गायक असतात, आणि या सगळ्यांचे माइक एकाच वेळी उघडे असतात. अशा ठिकाणी आवाज थोडा वाढवला की यंत्रणा घुमू लागते किंवा शिट्टी मारते, आणि मग साउंडवाल्यांचा हात सवयीने ग्राफिक इक्वलायझरकडे, म्हणजे आवाजाची एकेक पट्टी वर-खाली करणाऱ्या यंत्राकडे जातो. या प्रकरणात मात्र दोष इक्वलायझरच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगळे करून योग्य त्या स्पीकरला देणाऱ्या क्रॉसओव्हरच्या मांडणीत होता, आणि तिथे हात घातल्याशिवाय बाकीचे सगळे उपाय वरवरचे ठरत होते.

मंडप पश्चिम महाराष्ट्रातील एका गावच्या मंदिरालगतचा आहे. लोखंडी कैच्यांवर पत्रा, मधोमध साडेचार मीटर उंची, खाली गुळगुळीत फरशी, आणि मागच्या टोकाला सिमेंटची सपाट भिंत. लाकडी फळ्या आणि प्लायवूडचा मंच दोन फूट उंच होता. यंत्रणा गावातल्याच एका व्यावसायिकाची होती आणि ती हलक्या प्रतीची मुळीच नव्हती : मंचाच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर १५ इंची वूफर (मधल्या पट्ट्यासाठी) आणि त्याच्या वर हॉर्न (बारीक आवाजासाठी) असलेले एकेक टॉप, मंचाच्या पोकळीत प्रत्येक बाजूला १८ इंची दोन सब (सर्वांत खालच्या पट्ट्यासाठी), तिन्ही पट्ट्यांसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर, आणि त्यांच्या आधी एक थ्री-वे डिजिटल क्रॉसओव्हर. महाराजांसाठी एक, गायकांसाठी दोन, टाळकऱ्यांसाठी दोन, पखवाजाला धुम (खालच्या सुराची) आणि शाई (वरच्या सुराची) अशा दोन्ही बाजूंनी दोन, आणि हार्मोनियमला एक, असे आठ माइक लावलेले होते.

तक्रार अशी होती की महाराजांचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचेल एवढा वाढवताच येत नव्हता. आणि मंचावर महाराज सांगत होते, “माउली, माझाच आवाज मला ऐकू येत नाही, थोडा द्या.” तो थोडा दिला की मंडप घुमायचा.

सप्ताहाच्या एका दुपारी, हरिपाठाच्या आधी मंडप रिकामा असताना, यंत्रणा तपासली. महाराजांच्या माइकचा फेडर (मिक्सरवरची पातळीची सरकपट्टी) हळूहळू वर नेला तेव्हा दोन वेगवेगळ्या खुणा दिसल्या. आधी सुमारे २०० हर्ट्झला एक जाड घुमारा सुरू झाला. तो इक्वलायझरवर दाबला की लगेच १.६ किलोहर्ट्झच्या आसपास बारीक शिट्टी येत होती. इक्वलायझरची अवस्था या दोन्ही गोष्टींची साक्ष देत होती. १६०, २०० आणि २५० हर्ट्झच्या पट्ट्या इतक्या खाली ओढलेल्या होत्या की आवाजातला भारदस्तपणा निघून गेला होता, आणि १.६ व २ किलोहर्ट्झच्या पट्ट्या सहा डेसिबल वर होत्या. जिथे शिट्टी येते तिथेच पट्टी वर का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की ती खाली केली तर समोर बसणाऱ्याला शब्द कळत नाहीत. हे उत्तर प्रामाणिक होते, आणि पुढच्या सगळ्या तपासाची किल्ली त्यातच होती.

फीडबॅक म्हणजे माइक, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि पुन्हा माइक असे फिरणारे एक वर्तुळ. या फेऱ्यात एखाद्या वारंवारतेचा आवाज परत येताना तितकाच किंवा जास्त असेल आणि त्याची फेज (लाटेच्या चढ-उताराची वेळ) जुळत असेल, तर ती वारंवारता स्वतःच्या बळावर वाढत जाते. अभियंते हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली अशा वर्तुळांच्या स्थिरतेची अट गणिताने मांडली. मंडपात काम करणाऱ्याला त्यातला एकच अर्थ पुरतो : संपूर्ण फेऱ्याचा आलेख काढला तर त्यातले सर्वांत उंच टोक ज्या वारंवारतेवर असेल, तिथे यंत्रणा आधी घुमते, आणि बाकीचा सगळा आलेख कितीही खाली असला तरी त्या एका टोकामुळे गेन (आवाजाची वाढ) अडकून पडतो. म्हणून आधी हे टोक कशामुळे तयार झाले ते शोधले पाहिजे. खोलीमुळे झाले असेल तर क्रॉसओव्हर काही करू शकत नाही. दोन स्पीकर एकच पट्टा एकाच वेळी वाजवत असल्यामुळे किंवा त्यांच्या आवाजाची दिशा बिघडल्यामुळे झाले असेल, तर ते काम क्रॉसओव्हरचेच आहे.

खालचा सांधा : सब आणि टॉप

क्रॉसओव्हरच्या पडद्यावर सबचा लो-पास (ठरलेल्या आकड्याच्या वरचा आवाज कापणारा फिल्टर) १६० हर्ट्झला आणि टॉपचा हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला लावलेला होता. दोन्ही १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (सप्तक, म्हणजे वारंवारता दुप्पट होण्याचे अंतर) उताराचे, बटरवर्थ जातीचे होते. म्हणजे ८० पासून १६० पर्यंतचा पूर्ण सप्तक दोन्ही स्पीकर मिळून वाजवत होते, आणि जिथे फेज जुळेल तिथे बेरीज सहा डेसिबलपर्यंत वर जात होती. हे कुणी जाणूनबुजून केले नव्हते. “बेस भरलेला वाटतो” म्हणून ही मांडणी बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवतात, आणि रेकॉर्ड केलेले संगीत वाजवताना ती खपूनही जाते, कारण तिथे माइक उघडा नसतो.

२०० हर्ट्झला काय घडत होते ते आकड्यात पाहिले की घुमाऱ्याचे कारण स्पष्ट होते. १६० हर्ट्झचा, १२ डेसिबल उताराचा बटरवर्थ लो-पास २०० हर्ट्झला आवाज जेमतेम साडेपाच डेसिबल कमी करतो. त्यात सबच्या ॲम्प्लिफायरची पातळी टॉपपेक्षा सुमारे सहा डेसिबल चढी ठेवलेली होती, म्हणजे २०० हर्ट्झला सब आणि टॉप जवळजवळ सारख्याच जोराने वाजत होते. टॉप निदान समोर तोंड करून उभा होता. सबला मात्र या पट्ट्यात दिशाच नसल्यासारखी होती. २५ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, त्यामुळे १०० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन मीटर आणि २०० हर्ट्झची पावणेदोन मीटर होते. पाऊण मीटर रुंदीचे खोके एवढ्या लांब लाटेला अडवू शकत नाही आणि आवाज मागे, वर, सगळीकडे पसरतो. आणि हे खोके महाराजांच्या पायाखाली, माइकपासून दीड-दोन मीटरवर ठेवलेले होते. मंचाच्या फळीवर तळहात ठेवला तर थरथर जाणवत होती, आणि तीच थरथर माइकच्या स्टँडमधून वर चढत होती.

इथे दोन बदल केले. पहिला बदल क्रॉसओव्हरवर : सबचा लो-पास आणि टॉपचा हाय-पास दोन्ही १०० हर्ट्झला आणून दोन्ही बाजूंना २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराचे लिंकविट्झ-रायली फिल्टर लावले. सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली या हेवलेट-पॅकार्डमधील अभियंत्यांनी पुढे आणलेली ही जोडी १९७६ पासून ध्वनिक्षेत्रात रुळलेली आहे. तिचा गुण असा की सांध्यावर दोन्ही बाजू सहा डेसिबल खाली असतात, त्यांची फेज सारखी असते, आणि त्यामुळे बेरीज सपाट येते; सांध्यावर फुगवटा उरत नाही. या फिल्टरने २०० हर्ट्झला सबचा आवाज साडेचोवीस डेसिबल खाली जातो, म्हणजे आधीच्या मांडणीपेक्षा एकोणीस डेसिबल कमी. इक्वलायझरने एवढी कपात केली असती तर टॉपमधला आवाजही तेवढाच मेला असता. क्रॉसओव्हरने फक्त सबला गप्प केले आणि २०० हर्ट्झ समोर तोंड असलेल्या टॉपकडे सोपवले, हा दोन्ही उपायांमधला मूळ फरक आहे.

दुसरा बदल मिक्सरवर. सबना मुख्य आउटपुटमधून सिग्नल देण्याऐवजी वेगळा ऑक्स (हवे तेच माइक पाठवता येतील अशी मिक्सरची स्वतंत्र वाट) दिला आणि त्या ऑक्सवर केवळ पखवाज आणि थोडासा हार्मोनियम पाठवला. महाराजांचा, गायकांचा आणि टाळकऱ्यांचा माइक सबकडे जाऊच दिला नाही, शिवाय त्यांच्यावर १०० हर्ट्झचा हाय-पास लावला. यावर गायकांपैकी एकाने रास्त शंका घेतली की खर्ज कापला जाईल. पण पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तरी मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झला आणि मंद्र पंचम १०४ हर्ट्झला पडतो, आणि वारकरी गायक तर सहसा त्याहून चढ्या पट्टीत गातात. अभंगाच्या चालीत १०० हर्ट्झच्या खाली गळ्यातून येणारे काहीच नसते. त्या पट्ट्यात माइक जे उचलतो ते मंचाची थरथर, पंख्याचा वारा आणि सबचा परत आलेला आवाज, एवढेच.

ऑक्सवर सब चालवताना एक पथ्य पाळावे लागते आणि ते अनेकदा पाळले जात नाही. कार्यक्रम रंगात आला की साउंडवाले ऑक्सचा मास्टर चढवतात. सब सहा डेसिबल चढवला की १०० हर्ट्झला लावलेला सांधा प्रत्यक्षात ११९ हर्ट्झला सरकतो, कारण दोन्ही स्पीकर सारख्या जोराने वाजण्याची जागाच बदलते. पडद्यावर आकडा १०० चाच राहतो. म्हणून सबचा ऑक्स एका ठरलेल्या खुणेवर ठेवावा आणि कोणता माइक तिथे जाईल व कोणता जाणार नाही एवढाच निर्णय त्यावर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगितले.

पखवाजाचा प्रश्न यातून लगेच सुटला नाही. धुमाच्या पुडीवर ओली कणीक लावलेली असते. ती पुडी खालच्या सुराला फार संवेदनशील होते. वादकाने हात उचललेला असतानाही सबच्या आवाजाने पुडी स्वतः थरथरत होती, तो आवाज चार बोटांवरचा माइक उचलत होता, आणि पखवाज एकदा वाजवला की धुमाची आस (रेंगाळणारा नाद) संपतच नव्हती. इथे फिल्टर उपयोगाचा नव्हता, कारण जो पट्टा घुमत होता तोच पखवाजाचा प्राण आहे. सब मंचाखालून काढून खाली फरशीवर, दोन्ही कोपऱ्यांना, टॉपच्या साडेतीन मीटर पुढे मांडले. मंचाशी संबंध तुटला, अंतर वाढले, आणि पखवाजाखाली दुहेरी सतरंजी घातल्यावर आस आटोक्यात आली. सब श्रोत्यांना जवळ आल्यामुळे त्यांचा आवाज टॉपच्या आधी पोहोचू लागला असता आणि १०० हर्ट्झच्या सांध्यावर फेज बिघडली असती. म्हणून क्रॉसओव्हरवर सबना १० मिलिसेकंदांचा विलंब दिला.

एवढे झाल्यावर इक्वलायझरवरच्या खाली ओढलेल्या पट्ट्या सरळ केल्या आणि फेडर पुन्हा वर नेला. जाड घुमारा आला नाही. आधीपेक्षा सुमारे चार डेसिबल वर गेल्यावर १.६ किलोहर्ट्झची शिट्टी आली.

वरचा सांधा : वूफर आणि हॉर्न

शिट्टीची पट्टी दाबली की शब्द हरवतात आणि उचलली की शिट्टी येते, हा पेच समजून घेण्यासाठी टॉपच्या बरोबर समोर, हॉर्न आणि वूफरच्या मधल्या उंचीवर मापनाचा माइक ठेवला आणि पिंक नॉइज (सगळे पट्टे असलेला चाचणीचा आवाज) वाजवला. १.६ किलोहर्ट्झला आलेखात दहा डेसिबलचा खड्डा दिसला. मग माइक स्टँडवर हळूहळू वर नेला. अक्षापासून दहा-बारा अंश वर गेल्यावर तोच खड्डा भरून निघाला. याचा अर्थ टॉप ती वारंवारता वाजवत होता, पण श्रोत्यांकडे न पाठवता वर पत्र्याकडे पाठवत होता.

कारण असे. वूफर आणि हॉर्नमधला सांधा १.६ किलोहर्ट्झला, २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली उताराने, म्हणजे कागदावर अगदी बरोबर लावलेला होता. ही मांडणी वेगळ्या खोक्यांच्या संचातून जशीच्या तशी उतरवून घेतलेली होती आणि विलंबाचे रकाने शून्य होते. या टॉपमध्ये हॉर्नचा ड्रायव्हर वूफरच्या कोनापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर मागे बसतो. तेवढे अंतर कापायला आवाजाला पाव मिलिसेकंद लागतो. १.६ किलोहर्ट्झच्या एका आवर्तनाला ०.६२५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हॉर्नचा आवाज वूफरच्या जवळजवळ चाळीस टक्के आवर्तन मागे राहत होता. समोरच्या अक्षावर दोघे एकमेकांना बरेचसे पुसत होते. जिथून हॉर्न तेवढाच जवळ पडतो त्या कोनात मात्र दोघे एकत्र येत होते. आणि दोघांच्या केंद्रांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असल्याने तो कोन सुमारे १२ अंश वर येतो. आवाजाचा झोत नेहमी उशिरा बोलणाऱ्या ड्रायव्हरच्या बाजूला झुकतो, आणि इथे तो हॉर्नच्या, म्हणजे पत्र्याच्या बाजूला झुकला होता.

आता आधीच्या उत्तराचा उलगडा होतो. समोर खड्डा असल्यामुळे शब्द बोथट लागत होते, म्हणून १.६ आणि २ किलोहर्ट्झ सहा डेसिबल वर उचलले गेले होते. पण दोन स्रोत एकमेकांना पुसतात तिथे पडलेला खड्डा इक्वलायझर भरू शकत नाही. उचललेले सहा डेसिबल झोताबरोबर वरच गेले. माणसांनी भरलेला मंडप या पट्ट्यातला आवाज बराचसा शोषून घेतो, तर पत्रा आणि सिमेंटची भिंत जवळजवळ काहीच शोषत नाही. त्यामुळे वर गेलेला आवाज कैच्यांतून विखुरत, मागच्या भिंतीवरून परतत मंडपभर फिरत राहिला आणि अखेर महाराजांच्या माइकमध्ये शिरला. श्रोत्याला जो आवाज कमी मिळत होता तोच माइकला जास्त मिळत होता. फीडबॅकच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी करणे कठीण आहे, आणि ती कुणाच्याही निष्काळजीपणामुळे नव्हे, कानाला जे ऐकू आले त्यावर केलेल्या सरळ उपायातून तयार झाली होती.

दुरुस्ती छोटी आहे, पण ती करण्याची रीत नीट सांगायला हवी. हॉर्नची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) क्रॉसओव्हरवर तात्पुरती उलटी केली. लिंकविट्झ-रायली जोडीत दोन्ही बाजूंच्या वेळा जुळलेल्या असतील तर एक बाजू उलटी केल्यावर सांध्यावर खोल खड्डा पडलाच पाहिजे. वूफरचा विलंब शून्यापासून थोडा थोडा वाढवत नेला आणि खड्डा सर्वांत खोल जिथे झाला तो आकडा टिपला, तो ०.२५ मिलिसेकंद होता. असाच खड्डा एक पूर्ण आवर्तन पुढे, ०.८७५ मिलिसेकंदालाही मिळतो आणि तो फसवा असतो, म्हणून टेपने मोजलेल्या अंतराशी ताळा करून पहिला आकडा कायम केला. मग हॉर्नची पोलॅरिटी पूर्ववत केली. समोरच्या अक्षावर आलेख सपाट झाला आणि वरच्या कोनातला फुगवटा खाली आला. इक्वलायझरवरचे उचललेले सहा डेसिबल काढून टाकले, तरी शब्द आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागले. सांधा आणखी खाली, एक किलोहर्ट्झला आणण्याची सूचनाही आली होती, पण या हॉर्नच्या ड्रायव्हरला तेवढे खालचे काम झेपणारे नव्हते. त्याचा पडदा फाटण्याची जोखीम घेण्याचे कारण उरले नव्हते.

यानंतर महाराजांचा फेडर आणखी पाच डेसिबल वर गेला. दोन्ही टप्पे मिळून नऊ डेसिबलची मोकळीक मिळाली. मोजमाप फेडरच्या खुणांवर केलेले असल्याने एखाद्या डेसिबलचा फरक धरावा. घुमण्याच्या बिंदूपासून निदान सहा डेसिबल खाली चालवावे हा रूढ संकेत त्या रात्री पहिल्यांदा पाळता आला.

जे क्रॉसओव्हरने सुटले नाही

नऊ डेसिबलनंतर आलेली पुढची शिट्टी ६३० हर्ट्झची होती. ही वारंवारता कोणत्याही सांध्याजवळ नाही. ती एकट्या वूफरमधून येते आणि तिचे कारण मंडप व माइकची जागा हेच होते. तिथे क्रॉसओव्हरशी खेळण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी उघडे माइक कमी केले. टाळांना माइकची गरजच नसते, त्यामुळे ते दोन काढून टाकले, आणि निरूपणाच्या वेळी गायकांचे दोन बंद ठेवायचे ठरवले. उघड्या माइकची संख्या निम्मी झाली की साधारण तीन डेसिबल मिळतात. आठावरून चारावर आल्याने निरूपणात तेवढे मिळाले. महाराजांच्या मॉनिटरवर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरवर) १५० हर्ट्झचा हाय-पास लावला आणि तो माइकच्या ऐन पाठीमागे सरकवला, म्हणजे माइक जिथून सर्वांत कमी ऐकतो तिथे.

शिट्टी येईल तिथे अगदी अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता कापणारे) लावत जाण्याची पद्धत इथे आधी वापरून झाली होती आणि ती टिकत नव्हती, त्यामागेही कारण आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ३० अंश असलेला मंडप रात्री २० अंशांवर येतो. ध्वनीचा वेग त्यामुळे सुमारे पावणेदोन टक्क्यांनी घटतो आणि मंडपामुळे येणाऱ्या शिट्ट्याही तेवढ्या खाली सरकतात. दोन किलोहर्ट्झला हा सरक चौतीस हर्ट्झचा होतो, आणि क्यू (अरुंदपणाचा आकडा) ४० चा नॉच मध्यापासून पंचवीस हर्ट्झपर्यंतच पकड ठेवतो. हरिपाठाला नेमका बसवलेला फिल्टर कीर्तनाच्या शेवटी चुकीच्या जागी उभा असतो. खोक्याच्या आतले साडेआठ सेंटिमीटर मात्र थंडीत बदलत नाहीत, आणि तिथल्या विलंबात पडणारा फरक नगण्य असतो.

त्या व्यावसायिकाने मांडणी क्रॉसओव्हरच्या स्मृतीत साठवून कुलूप लावायची इच्छा दाखवली, तेव्हा तिचे दोन भाग करून दिले. वूफर-हॉर्नचा सांधा, त्याचा उतार आणि पाव मिलिसेकंदाचा विलंब हे त्या खोक्यांचे आहेत. खोके तेच असतील तोवर कोणत्याही गावात त्यांना हात लावायचा नाही. सबचा १० मिलिसेकंदांचा विलंब, सबची पातळी आणि कोणता माइक सबकडे जातो हे त्या मंडपाचे आहे, आणि पुढच्या सप्ताहाला सब टॉपच्या पुढे-मागे जिथे मांडले जातील तिथे ते अंतर टेपने पुन्हा मोजून आकडा नव्याने भरायचा आहे.